टल्कबाईची अकराशे त्रेचाळीस मतं

जॅक हॅनलन गेला तो सोमवार होता. मंगळवारी सकाळी हेस्टर टल्क आपला निळा कोट घेऊन माझ्या दारात उभी राहिली. म्हणाली, "युनिस, याचं अस्तर बदल आणि खांदे जरा नीट बसव. आता हा चारचौघांत दिसायचाय."

हॅनलन एकोणीस वर्षं आमचा आमदार होता. तो अजून दफन व्हायचा होता, म्हणून मला तिचं बोलणं थोडं खटकलं. पण ती काय म्हणतेय ते मला कळत होतं. मागच्या नाताळात, आमच्याच घरी, हातात गार मटणाची बशी धरून हॅनलन म्हणाला होता, "माझ्यानंतर ही जागा हेस्टरची. भाषणं तीच लिहिते, पत्रं तीच लिहिते, मी नुसता ओरडतो." पक्षाच्या शाखेचा अध्यक्ष क्लॅरी व्हॉस तिथे होता. माझा नवरा वॉल्ट होता. दोघांनीही "हो, हो" म्हणत ग्लास उचलले होते.

हेस्टर वेरिंबीची सुईण होती. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिचा नवरा लाकडाच्या गिरणीत ओंडक्याखाली सापडून मेला. मूलबाळ नव्हतं. सासूच्या हाताखाली ती हे काम शिकली, आणि सासू थकल्यावर खोऱ्यातल्या सगळ्या वाटा तिच्या झाल्या. माझी दोन्ही मुलं तिच्या हातांवर आली. दुसऱ्या वेळी रक्त थांबेना. सगळ्यात जवळचं हॉस्पिटल मार्नबरोला, बेचाळीस मैलांवर. तिने सारी दुपार माझ्या पोटावर मूठ दाबून धरली होती. संध्याकाळी तिला ती मूठ उघडता येईना, वॉल्टने कोमट पाण्यात धरून एकेक बोट सोडवलं.

वेरिंबीला हॉस्पिटल हवं, हे हॅनलनच्या प्रत्येक भाषणात असायचं, आणि ते वाक्य हेस्टरचं असायचं. अठरा वर्षं ती शाखेची चिटणीस होती. पावसात, चिखलात घोडागाडी हाकत ती बाळंतिणीकडे जायची आणि येताना पक्षाची वर्गणी गोळा करून आणायची.

दफनानंतर चार दिवसांनी वाचनालयाच्या हॉलमध्ये सभा बोलावली. जानेवारीचा शेवट, म्हणजे आमच्याकडचा ऐन उन्हाळा, आणि मार्चमध्ये निवडणूक. उकाडा असा की खिडकीच्या काचेला हात लावला तर चटका बसावा. त्यात हेस्टर निळा कोट घालून पहिल्या रांगेत बसली होती. व्यासपीठावर क्लॅरीच्या शेजारी एक अनोळखी तरुण होता, केस चापून बसवलेले, बूट चकचकीत.

क्लॅरी उठला. "मंडळी, मेलबर्नहून पक्षाचा निरोप आलाय. आपले उमेदवार हे डेस्मंड कारमडी. वकिलीचं शिक्षण झालंय, कामगारांचे खटले चालवतात. टाळ्या होऊ देत."

टाळ्या झाल्या. वॉल्टनेही वाजवल्या. मी हात मांडीवर ठेवले, एवढंच माझं धाडस.

हेस्टर उभी राहिली. "क्लॅरी, ठरलं काय होतं?"

"हेस्टर, तू बाई आहेस म्हणून नाही बरं का…"

"मग कशासाठी?"

"वेळ आली नाही अजून. शहरात ठीक आहे. इथे शेतकरी बाईला मत देतील का?"

"त्यांच्या बायकांना विचारलंस?"

"बायका नवऱ्याला विचारतात," मागून कुणीतरी म्हणालं, आणि हॉल हसला.

"मी एकोणपन्नास वर्षांची आहे, क्लॅरी. माझी वेळ येऊन गेली असेल. मी कुणाच्या तरी बाळंतपणाला गेले असेन तेव्हा."

यावर कुणी हसलं नाही. क्लॅरीने घसा साफ केला. तो वाईट माणूस नव्हता. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. तो खरंच अवघडला होता, आणि अवघडलेला माणूस नेहमीचं बोलतो तसा बोलला, "बरं, चहाचं बघतेस ना? साहेब लांबून आलेत."

आणि ती गेली. मागच्या खोलीत जाऊन तिने चहा केला, सत्तावीस कप भरले, कारमडीच्या कपात साखर किती तेही विचारलं. सगळ्यांचा चहा होऊ दिला. मग नोंदवही आणि कपाटाची किल्ली क्लॅरीच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "कप तुम्ही धुवा."

चार दिवसांनी गावात बातमी फुटली. टल्कबाई अपक्ष उभी राहतेय.

अनामत रकमेसाठी तिने नवऱ्याच्या विम्यातलं उरलंसुरलं काढलं. अर्जावर सह्या सगळ्या बायकांनी केल्या. मी नाही केली. वॉल्ट लोणी कारखान्यात होता, क्लॅरी त्याचा मुकादम. "तू मनातून तिच्या बाजूला राहा ना," वॉल्ट म्हणाला. "मनाला कोण अडवतंय? सही कशाला?" हेस्टरला मी सांगितलं की मला इथे अडचण आहे. ती म्हणाली, "कळतं गं मला. कोटाला बटणं लावून दे, तेवढं पुरे."

ती बटणं लावायला मी तिच्या स्वयंपाकघरात बसले होते, तेव्हाच पॉमरॉय आला. गुरांचा लिलाव पुकारणारा. गडी येलंडचा. आणि येलंड म्हणजे समोरच्या पक्षाचा उमेदवार, मार्नबरोचा, दहा हजार मेंढ्यांचा धनी. गेल्या दोन निवडणुकांत हॅनलनने त्याला पाडलं होतं.

पॉमरॉयने टोपी काढली. "टल्कबाई, मी कुणाचा माणूस ते लपवत नाही. पण अन्याय झाला की मला बघवत नाही."

"गुरांच्या बाजारात रोज बघता की."

तो मनापासून हसला. "हेच! असं बोलणारं माणूस सभागृहात हवं. हे पाहा, मतदानाच्या दिवशी वाटायची कार्डं मी छापून देतो. लांबच्या बायकांना आणायला मोटार देतो. बदल्यात काही नको."

"तुम्ही काही नको म्हणता तेव्हा मोठंच काहीतरी हवं असतं."

"दोन नंबर," तो म्हणाला. "तीन उमेदवार आहेत, तिघांपुढे आकडे घालावेच लागतात, नाहीतर मत बाद. एक तुम्ही. दोन कुणाला द्यायला सांगणार? कारमडीला? तुमच्या ताटातलं ओढून नेलं त्याला?"

हेस्टर खिडकीतून बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "छापा."

तो गेल्यावर माझ्याने राहवेना. "हेस्टर, कुणालाच निम्म्याहून जास्त मिळाली नाहीत आणि तू तिसरी आलीस, तर तुझे कागद उचलून दोन नंबरवाल्याला देतात. हे मला तूच शिकवलंयस."

"मी तिसरी येणार नाही."

"आणि आलीस तर?"

"तर क्लॅरी व्हॉसला कळेल चहा कोण करत होतं." तिने पुढ्यातला कोट ओढून घेतला. "तू माझी मैत्रीण आहेस की त्याची?"

हे मी मुद्दाम सांगतेय. पुढे काही भली माणसं म्हणायची, बिचारीला फसवलं. तिला कुणी फसवलं नाही. आमच्या साऱ्या गावात मतमोजणी तिच्याइतकी कुणाला कळत नव्हती. ती रागात होती, आणि अठरा वर्षं गिळलेला राग होता तो.

चार आठवडे ती फिरली. तीच घोडागाडी, तीच दारं. लोक तिला आत बोलवायचे, स्कोन आणि जॅम पुढे करायचे, मुलांना उभं करायचे. "ही बघ टल्कबाई, हिने तुला जगात आणलं." बायका तिचा हात दोन्ही हातांत धरून म्हणायच्या, "तुम्हालाच." ती वहीत खुणा करायची. मला म्हणाली, "बावीसशेच्या वर जातंय, युनिस. कारमडीला मागे टाकते मी."

रेल्वे फाटकापाशी तिची सभा झाली तेव्हा दारूच्या गुत्त्यातून आलेला सिड ग्रॅट ओरडला, "घरी रांधायला कोण आहे गं तुझ्या?"

"मी विधवा आहे, सिड. मेलेला नवरा जेवायला मागत नाही," ती म्हणाली. "तुझ्या बायकोला तिसरं होत होतं तेव्हा तू गोठ्यात गाईच्या गळ्यात पडून रडत होतास. तेव्हा रांधलं कुणी, आठवतंय? मीच."

लोक पोट धरून हसले. सिडही हसला, टोपी हलवत म्हणाला, "माझं मत तुला, बाई!" त्या संध्याकाळी मलाही वाटलं की जिंकते ही. माणूस हसला की आपला झाला, असं आम्हाला वाटायचं.

दोन मार्चला मतदान. शाळेच्या फाटकाबाहेर तिन्ही बाजूंची माणसं कार्डं घेऊन उभी. हेस्टरने मला कार्डं वाटायला सांगितलं नव्हतं, माझी अडचण तिने लक्षात ठेवली होती. ती स्वतःच उभी होती, कोट घालून, कपाळावर घाम. कार्डावर तिचं नाव ठळक, समोर एक. खाली येलंड, दोन. कारमडी, तीन.

वॉल्ट माझ्यासोबत होता. क्लॅरी फाटकातच उभा होता, त्याने आमच्या हातात पक्षाचं कार्ड दिलं आणि वॉल्टच्या खांद्यावर हात ठेवला. हेस्टरने तिचं कार्ड माझ्यापुढे धरलं. मी तेही घेतलं. तिने हळूच डोळा मिचकावला.

आत लाकडी आडोसा होता. दोरीला बांधलेली पेन्सिल. तिथे वॉल्ट नव्हता, क्लॅरी नव्हता, देवाखेरीज कुणी बघणारं नव्हतं. मी कारमडीपुढे एक लिहिलं.

का लिहिलं ते मी इतकी वर्षं स्वतःला विचारतेय. कधी म्हणते, येलंड येऊ नये म्हणून. हे उत्तर बरं आहे, पण मग हेस्टरला एक आणि कारमडीला दोन देता आलं असतं, तेवढं मला समजत होतं. खरं सांगायचं तर हात आपोआप तिकडे गेला. घरी येऊन वॉल्टच्या डोळ्यांत बघायचं होतं, आणि मला खोटं बोलता येत नाही असं मी तेव्हा समजत होते.

निकालाला बुधवार उजाडला. वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर फळ्यावर खडूने आकडे लिहिले. कारमडी तीन हजार दोनशे दहा. येलंड दोन हजार सातशे नव्वद. टल्क अकराशे त्रेचाळीस. निम्म्याच्या पुढे कुणीच नाही. मग हेस्टरचे कागद वाटले. आठशे बारा येलंडला, तीनशे एकतीस कारमडीला. येलंड एकसष्ट मतांनी निवडून आला.

फळ्यापुढे कुणी ओरडलं नाही. लोकांनी आकडे दोनदा वाचले, मग एकेक करून मान वळवली आणि तिच्याकडे पाहिलं. ती रस्त्याच्या पलीकडे उभी होती. सिड ग्रॅट तिच्याजवळून जाताना थुंकला. अंगावर नाही, जमिनीवर. त्याने मत कुणाला दिलं होतं देव जाणे.

दुसऱ्या दिवशी तिच्या कुंपणावर तिचीच कार्डं खिळ्यांनी ठोकलेली होती, चाळीसएक, प्रत्येकावर दोनचा आकडा लाल रंगाने गिरवलेला. शाखेने तिला काढून टाकलं. ते पत्र नव्या चिटणिसाने लिहिलं होतं, चार ओळींत तीन चुका. क्लॅरीने ते स्वतः नेऊन दिलं. दारातच म्हणाला, "हेस्टर, मला हे आवडत नाहीये."

"तुला कधीच काही आवडत नव्हतं, क्लॅरी," ती म्हणाली. "पण तू सगळं केलंस."

त्यानंतर बायका तिला बोलवेनाशा झाल्या. गरज सरो वैद्य मरो म्हणतात. इथे तर गरज सरलेलीही नव्हती. नवरे म्हणायचे, येलंडच्या बाईला घरात घ्यायचं नाही. पलीकडच्या डोंगरातल्या बायका बोलवत राहिल्या, पण कारखान्याच्या बाजूची एकही नाही. कारखान्यावर शंभर घरं होती.

जूनमध्ये क्लॅरीच्या सुनेला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या. हेस्टरचं घर त्यांच्यापासून पाव मैल. क्लॅरीच्या मुलाने मोटार काढली आणि तिच्या फाटकावरून मार्नबरोकडे नेली. हेस्टर अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने मोटारीतलं ओरडणं ऐकलं आणि त्या ओरडण्यावरून किती वेळ उरलाय तेही तिला कळलं. ती रस्त्यात धावली, दोन्ही हात वर करून. मोटार तिला वळसा घालून गेली. एकोणीस मैलांवर, वाटेत, मूल मेलेलं जन्मलं. आई कशीबशी वाचली.

आठवड्याने गावात लोक म्हणू लागले, "येलंडला निवडून दिलं नसतं तर एव्हाना इथे हॉस्पिटलचा पाया पडला असता. हे पाप टल्कबाईचं." मी दुकानाच्या रांगेत हे ऐकलं. पिठाची पिशवी घेतली आणि घरी आले.

हेस्टर येलंडला भेटायला गेली, मार्नबरोला, त्याच्या कचेरीत. तिने मला नंतर सगळं सांगितलं, आवाज न चढवता. त्याने तिला खुर्ची दिली, चहा मागवला.

"तुमच्यामुळे मी इथे आहे, बाई. मी विसरलेलो नाही."

"मग वेरिंबीला हॉस्पिटल द्या."

"वेरिंबीने मला किती मतं दिली, ठाऊक आहे?"

"माझी आठशे बारा."

"माझ्या माणसाने नुसतं विचारलं होतं," येलंड म्हणाला. "तुम्ही रागाच्या भरात फेकून दिलीत, मी वाकून उचलली. फेकलेल्या वस्तूचे उपकार मानायचे असतात का?"

"तो खोटं बोलला नाही, युनिस," हेस्टर मला म्हणाली. "या सगळ्या भानगडीत खरं बोललेला तो एकच."

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं. तिच्याच स्वयंपाकघरात, तिनेच ओतलेल्या चहापुढे. "हेस्टर, मी तुला मत दिलं नव्हतं."

ती कपाकडे बघत होती. वर पाहिलं नाही. "माहीत आहे मला."

"कसं?"

"ज्यांनी दिलं त्या साऱ्या दुसऱ्या दिवशी येऊन सांगून गेल्या. काही रडल्याही. तू आलीस, बसलीस, केक खाल्लास आणि उकाड्याबद्दल बोललीस." तिने चमचा बशीत ठेवला. "मी वाट बघितली. म्हटलं, खोटं तरी सांगेल."

मी म्हटलं, "वॉल्टचं काम…"

"आडोशाच्या आत वॉल्ट होता?"

"नाही."

"मग त्याचं नाव नको घेऊस. तो आधीच पुष्कळ ओझी वाहतो." ती उठली, माझा कप उचलला. त्यात अर्धा चहा होता, तो तिने मोरीत ओतला. "तुझ्या थोरलीला खोकला होता ना? तिला कांद्याचा रस मधातून दे. जा आता."

तिने मला घराबाहेर काढलं असं म्हणता येणार नाही. पण त्यानंतर मी गेले नाही, आणि तिनेही बोलावलं नाही. रस्त्यात भेटलो की ती माझ्या मुलींची चौकशी करायची, माझी नाही.

दोन वर्षं तिने कशीबशी काढली, डोंगरातल्या बाळंतपणांवर आणि परसातल्या कोंबड्यांवर. पुढच्या निवडणुकीत येलंड पुन्हा आला, या वेळी कुणाच्या मदतीवाचून. कारमडी मेलबर्नमधल्या सोप्या जागेवरून उभा राहिला आणि जिंकला. वेरिंबीत तो पुन्हा दिसला नाही. त्या निवडणुकीआधीच्या हिवाळ्यात येलंडने वेरिंबीला आठ खाटांचं हॉस्पिटल मंजूर करून आणलं, कारण आता मतं हवी होती आणि ती विकत घेण्याची हीच स्वस्त वाट होती. कोनशिला बसवली तेव्हा क्लॅरी त्याच्या शेजारी टोपी काढून उभा होता. नव्या मुख्य परिचारिकेकडे हेस्टर काम मागायला गेली. तिने विचारलं, प्रमाणपत्र कुठल्या हॉस्पिटलचं? हेस्टर म्हणाली, सासूचं. झालं. धुलाईघरात जागा होती, हवी असली तर.

तिने ती घेतली. बावन्नाव्या वर्षी, बाळंतिणींच्या चादरी उकळायचं काम. चार वर्षं केलं. मग हात सुजायला लागले तेव्हा घोडागाडी विकून ती जिलाँगला भावाकडे गेली. कधी गेली ते मला कळलंही नाही. तिच्या घराला दुसरे पडदे दिसले तेव्हा समजलं.

१९४४ साली तिच्या भावजयीचं पत्र आलं. हेस्टर सहा आठवड्यांपूर्वी गेली होती, न्यूमोनियाने. सामानात माझा पत्ता सापडला म्हणून कळवलं, एवढंच. मी ते जेवणाच्या टेबलावर वॉल्टला वाचून दाखवलं.

त्याने सुरी-काटा खाली ठेवला. मग म्हणाला, "कामाची बाई होती. फक्त तिने उभं राहायला नको होतं."

"हो," मी म्हटलं, आणि त्याच्या ताटात आणखी बटाटे वाढले.